मेलेल्या माश्या मोजून काय कळणार?

महोदय,

संत्र्यावरील फवारणी आणि मधमाश्यांबद्दलची आपली बातमी वाचली. ‘पेटीपुढे मेलेल्या माश्या दिसत नाहीत, म्हणजे औषध सुरक्षित’ हे त्यातले म्हणणे आमच्या भागात कृषी केंद्राच्या काउंटरवर रोज ऐकू येते. आंबिया बहारात (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यात) सिला ही रस शोषणारी कीड दिसली की सल्ला ठरलेला, ‘इमिडा मारा’, म्हणजे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फवारा. मेलेली माशी खरोखरच दिसत नाही. पेटी मात्र हलकी होत जाते.

इमिडाक्लोप्रिड माशीच्या मेंदूतल्या निकोटिनिक ॲसिटिलकोलिन रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटते. मिशांनी टिपलेल्या वासाचा निरोप मेंदूतल्या ‘मशरूम बॉडी’त, म्हणजे आठवणी घडतात तिथे, पोहोचतो तो याच रिसेप्टरमार्फत. निरोप नेणारे मेंदूतले रसायन, ॲसिटिलकोलिन, काम होताच मोडून टाकले जाते. इमिडा तसे मोडत नाही. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की अगदी थोड्या मात्रेतही तिथल्या पेशी आधी चेकाळतात आणि मग गप्प होतात. म्हणजे माशी जिवंत, पण कुठल्या वासाला मध मिळतो हे तिच्या डोक्यात टिकत नाही.

गंमत अशी, की संत्रा-लिंबाच्या जातीची झाडे मकरंदात किंचित कॅफिन घालतात. ते माशीच्या मेंदूतल्या ॲडेनोसिन रिसेप्टरवर काम करून फुलाच्या वासाची आठवण पक्की करते. तेव्हा ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात असलेल्या जेराल्डिन राइट यांचे हे संशोधनही २०१३ चेच. झाड माशीला ‘लक्षात ठेव’ म्हणते आणि आम्ही त्याच बहारात विसरायचे औषध मारतो! तेही आंतरप्रवाही, म्हणजे मकरंदात उतरणारे.

युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडासह त्याच गटातली तीन कीटकनाशके (निओनिकोटिनॉइड) उघड्या शेतात वापरायला बंदी केली. आपल्याकडे लगेच बंदी घाला असे मी म्हणणार नाही. सिलाने बाग बसली तर कर्ज मलाच फेडायचे आहे. पण तपासणी तरी नीट व्हावी. त्याला फार खर्च नाही. माशीला बारीक नळीत अडकवायचे, एक वास द्यायचा, लगेच मिशांना साखरपाणी लावायचे. ती सोंड बाहेर काढते. असे दोन-तीनदा केले की नुसत्या वासालाही सोंड येते. औषध चाटवलेल्या माशीची दुसऱ्या दिवशी येते का, ते पाहायचे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्या देशी सातेरी मधमाशीवर, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाची ही चाचणी तिथे व्हावी आणि निकाल बहार फुटण्याआधी कृषी केंद्रांच्या भिंतीवर लागावा.

– एक संत्रा उत्पादक, वरूड (जि. अमरावती)