गोष्टीचं पालुपद गाळू नका

संपादक महोदय,

चार वर्षांच्या नातीसाठी सीताबर्डीवरून लोककथांची चित्रपुस्तकं आणली. रात्री मोठ्यानं वाचायला बसले, तर चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे' एवढं एकदाच. न्हाऊ घालणं, काजळ घालणं सगळं गाळलेलं. मुलं तर त्याचीच वाट बघतात! कावळ्यानं पुन्हा दार वाजवलं की 'थांब' आपल्या आधी त्यांच्या तोंडून येतं. नात म्हणाली, "आजी, लवकर संपली."

दुसऱ्या पुस्तकात म्हातारीचा भोपळा डोळे-तोंड कोरलेला, परदेशी. आमच्या विदर्भात ज्याची बोंडं तळतात ते कोहळं, म्हणजे लाल भोपळा, मुलांनी स्वयंपाकघरात पाहिलेलं असतं. तेच काढा ना!

पालकांनो, किंमत नंतर बघा. दुकानातच दोन पानं मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तर पुस्तक परत ठेवा. पानावर दोन-तीनच ओळी हव्यात, आणि मांडीवरच्या मुलाला बोट ठेवता येईल असं मोठं चित्र. वाघ भीतीदायक असला तरी चालतो, मुलं बिलगून ऐकतात.

प्रकाशकांना कळकळीची विनंती, पानं वाढली तरी चालतील, पण पालुपद पूर्ण छापा.

— एक आजी, महाल, नागपूर