वाटखर्ची निधीसाठी आवाहन : नको असताना दिवस गेलेल्या बाया-पोरींसाठी

स.न.वि.वि.

पोळ्याला जिची पाळी आली आणि पुढची चुकली, तिला दिवाळीच्या अमावस्येला साडेआठ आठवडे भरलेले असतात. आमच्या भागात बाया तारखा सणावारांनीच लक्षात ठेवतात. सिस्टर विचारतात, "शेवटची पाळी केव्हा आली होती?" उत्तर येतं, "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी," नाहीतर "महालक्ष्म्या उठल्या तवा." दवाखान्यात आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. हे बहुतेकींना तिथे गेल्यावरच कळतं. आपल्याकडे अजून पंधरा दिवस आहेत अशा हिशोबाने गेलेली बाई दाराशीच ऐकते, की ते पंधरा दिवस होऊन गेले.

गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. म्हणजे भाऊबीजेनंतर दोन दिवस. आणि तेव्हाच घरात माहेरवाशिणी आलेल्या, शेतात कापूस फुटलेला, वेचाईला बाया मिळत नाहीत म्हणून मालक दारात उभा. "दिवाई होऊन जाऊ द्या, मंग पाहू." मग वेचाई लागते. वेचाई उरकता उरकता तुरी सोंगायला येतात, आणि पौषातली अमावस्या आठवड्यावर आली, की वीस आठवडे पूर्ण. एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो तो तेवढ्यापर्यंतच. काही ठरवायच्या आतच अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो. आम्ही मागतो तो पैसा या आठवड्यांसाठी आहे.

आम्ही म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा–मारेगाव–झरी पट्ट्यातल्या काही गावांच्या बचत गटांतल्या बाया. एक निवृत्त सिस्टर, दोन आशाताई, एक शिक्षिका, बाकी आमच्यासारख्या शेतात राबणाऱ्या. झरी-जामणीचं नाव कुमारी मातांच्या बातम्यांनी पेपरात पुष्कळदा आलं. बातमीवाले आले, फोटो काढून गेले. पण आमच्या दाराशी जास्त करून येतात त्या लग्न झालेल्या, दोन-तीन लेकरांच्या आया. तांबी काढली होती, ऑपरेशन पुढच्या वर्षावर ढकललं होतं, नवरा कामाला तेलंगणात. त्यांच्या बातम्या होत नाहीत.

त्यातल्या एकीचं सांगतो, तिला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. तिच्या घरी आम्ही गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसून राशनचे तांदूळ निवडत होती. कडेवरचं दोन वर्षांचं पोरगं सुपात हात घालत होतं. ती खालमानेने एवढंच म्हणाली, "आनखी एक कसं पोसू वो माय?" सासू उंबऱ्यात बसलेली. तिच्या डोक्यात तोडगा तयार होता. "वाढव नं पोट. माह्या भावाच्या सुनेले लेकरू नाही, तिले देऊन टाकू." सासूच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण नऊ महिने पोट कोण वाहणार, वेचाई कोण बुडवणार, आणि पुढे दर लग्नाकार्यात ते लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर कोण पाहणार, याचा त्यात विचार नव्हता. आम्ही सुनेला घेऊन सोनोग्राफीला गेलो. अकरा आठवडे निघाले. तिने गर्भपात करायचं ठरवलं, सरकारी दवाखान्यात झाला, तांबीही तेव्हाच बसवून घेतली. चौथ्या दिवशी ती कामावर होती. खरं तर जायला नको होतं, पण तिची आठवडाभराची मजुरी भरून द्यायला तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते.

दुसरी एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली. आमच्याकडे आली तीच सातव्या महिन्यात, सैल कुर्त्यावर दुपट्टा पसरून. गर्भपाताचा प्रश्नच उरला नव्हता. बाळ ठेवायचं की सोडायचं, एवढंच तिच्या हातात होतं. शेवटचे दोन महिने तिला गावापासून लांब राहायला खोली हवी होती. एका ताईंनी दिली. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. पुढे बालकल्याण समितीपुढे ती आमच्यासोबत गेली, समुपदेशन झालं, सह्या झाल्या, बाळ शिशुगृहात गेलं. पण तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाळ जवळ नाही, छाती दगडासारखी झालेली, अंगात ताप. तेव्हापासून दत्तकाचा विचार करणाऱ्या प्रत्येकीला आम्ही हे अगोदर सांगतो. कायद्याच्या पुस्तकात ते नसतं.

कायदा मात्र आपल्याला वाटतो त्यापेक्षा बाईच्या बाजूने आहे. गर्भपात १९७१ च्या कायद्याने कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि ती मुभा ठरावीक परिस्थितीत आहे : बलात्कार झालेली, अल्पवयीन, गर्भारपणातच नवरा वारला किंवा फारकत झाली अशी, अपंग, बाळात मोठं व्यंग असलेली, वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं, की या मुभेत लग्न न झालेल्या बायकाही येतात. अठरा वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची संमती द्यावी लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. काही ठिकाणी कागद पुढे सरकवून "मालकांची सही आणा" म्हणतात. आमची सोबतीण तिथे असते ती अशा वेळी बोलायला. बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही ती सांगते.

मुलगी अठराच्या आतली असेल तर गोष्ट वेगळी. पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, डॉक्टरांनाही आणि आम्हालाही. आम्ही ते लपवत नाही, आणि मुलीच्या आईवडिलांना पहिल्याच भेटीत सांगतो. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना कळवताना तिचं नाव द्यावं लागत नाही, हे त्याच २०२२ च्या निकालात आहे. या एका भीतीपायी लोक पोरीला घेऊन रात्री-बेरात्री भलत्याच दवाखान्यात जातात. २०२२ च्या जानेवारीत शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीला, एका खाजगी दवाखान्याच्या आवारात भ्रूणांच्या कवट्या आणि हाडं निघाली. ते प्रकरण उघडकीला आलं ते एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपातावरून.

दत्तकाबद्दल गावात गैरसमज फार. बाळ सोडायचं तर ते बालकल्याण समितीपुढे सोडायचं असतं, २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे. लग्न न झालेली आई एकटी सही करू शकते, नवरा-बायको असतील तर दोघांची लागते. सहीनंतर साठ दिवस विचार बदलायला मिळतात. वर सांगितलेल्या मुलीने बाळ परत मागितलं नाही. दुसऱ्या एकीने मुदत संपत आली असताना मागितलं आणि तिला ते मिळालं. आज तिची आई नातवाला अंगणवाडीत सोडायला जाते आणि वाटेत भेटेल त्याच्याशी त्याच्याबद्दल बोलते. म्हणजे ठेवणं हाही रस्ता आहे. पात्रता बसली तर बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळतात. शाळेच्या दाखल्यात आता आईचं नाव मुलाच्या नावाला लागूनच येतं, बापाच्या आधी. फॉर्म आम्ही भरून देतो.

शंभराच्या बॉण्डवर लिहून, दहा-वीस हजार हातावर ठेवून लेकरू देणं-घेणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि दवाखान्यातलं कोणी त्यात असेल तर सात वर्षांपर्यंत. हे लिहावं लागतं, कारण आमचं काम कानोकानी झाल्यापासून लेकरू नसलेल्या जोडप्यांचे फोन येतात. "ताई, मुलगा असला तर आधी आम्हाले सांगा." त्यांचं दुःख कळतं. पण आमच्याकडे लेकरं नाहीत, आणि असती तरी ती द्यायचा अधिकार आम्हाला नाही. त्यांनी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करावी, तीही आम्ही करून देऊ. आणि तेवढं मुलगा-मुलगी बोलणं सोडावं.

आता पैशांचं. सरकारी दवाखान्यात गर्भपात फुकट, बाळंतपण फुकट, औषधंही बहुतेक वेळा फुकट. खर्च होतो तो दवाखान्याच्या दारापर्यंत पोचण्याचा. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण अर्ध्या गावांत एसटीच दिवसातून एकदा येते, तीही सकाळी निघून जाते. मग काळीपिवळी, नाहीतर स्पेशल ऑटो. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचा डॉक्टर त्या दिवशी नसला की बाहेर हजार-बाराशे. तिथून यवतमाळला पाठवलं तर दुसरी फेरी. सोबतच्या बाईचं जेवण, दोघींचीही बुडालेली मजुरी. एका बाईमागे अडीच-तीन हजार सहज जातात. बाळंतपणापर्यंत नेऊन बाळ सोडणाऱ्या किंवा ठेवणाऱ्या मुलीचा खर्च याच्या कितीतरी पट : खोलीभाडं, खाणं, तपासण्या, समितीपुढच्या फेऱ्या, नंतरचे दोन महिने. म्हणून पैसे नाहीत या एकाच कारणाने कोणी गर्भपाताकडे ढकलली जाते आणि कोणी उशीर होऊन बाळंतपणाकडे. दोन्ही आम्ही पाहिलं आहे.

गेल्या वर्षी एका गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली. अट एकच : हा पैसा फक्त बाळ जन्माला घालणाऱ्यांसाठी वापरा, पोट पाडायला नको. भले माणूस, देवभोळे. आम्ही हात जोडून पैसे परत केले. त्याच्या उलटही झालं. एका पुढारलेल्या ओळखीच्या बाईंनी सुचवलं, की कुमारी पोरींना समजावून मोकळं करा, त्यांच्या आयुष्याचं भलं होईल, त्यासाठी मी देते. तेही घेतले नाहीत. आमच्यातही या बाबतीत एकमत नाही. आमच्या सिस्टर वारकरी आहेत, माळकरी, त्यांना गर्भपाताचं नाव काढलं तरी गलबलतं. पण सोबत जायची पाळी आली तर सगळ्यांत आधी पिशवी घेऊन त्याच उभ्या असतात. ज्यांना बाई काय ठरवेल ते आधीच ठरवून हवं आहे, त्यांनी कृपया या निधीला पैसे देऊ नयेत. एका बाबतीत मात्र आम्हीही अट घालतो : मुलगी आहे म्हणून पाडायचं असेल तर आमच्याकडून रुपया मिळणार नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४ चा कायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी दिला नसता.

पैशांशिवायही मदत लागते. यवतमाळ, वणी किंवा नागपूरला कोणाची रिकामी खोली असेल, चार-आठ दिवस किंवा दोन महिने, तर कळवा. भाडं घ्या, पण प्रश्न विचारू नका. गाडीवाल्या भाऊंनो, रात्री फोन आला तर निघायची तयारी असेल आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तोंड उघडणार नसाल, तर नाव नोंदवा. मेडिकलवाल्यांना हात जोडून सांगणं आहे, की चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्या विकू नका. किती आठवडे झाले, गर्भ पिशवीतच आहे की नळीत, हे तपासल्याशिवाय घेतलेल्या गोळीने रक्त थांबेनासं झालेली बाई आम्ही १०८ मध्ये घालून नेली आहे. तिच्या हातात फक्त कोरा पुडा होता, नाव फाडून टाकलेला. कॉलेजच्या मुलींना शिकवणाऱ्या शिक्षकांनी एवढं सांगितलं तरी पुष्कळ, की पाळी चुकली तर आशाताईकडे तपासणीचं किट फुकट मिळतं, मारझोड होत असेल तर १८१ लावा आणि लहान लेकराचं काही असेल तर १०९८.

या वर्षी आम्हाला दिवाळीच्या आत निधी उभा करायचा आहे. कारण वर सांगितलंच. कोणी पाचशे दिले तर एका बाईचं जाणं-येणं आणि सोबतिणीचं जेवण निघतं. तीन हजारांत एकीचं सगळं होतं. वेचाईचे पैसे आल्यावर देणार असाल तर आत्ता नुसतं नाव लिहून ठेवा, फेब्रुवारीत घ्यायला येऊ. तांदूळ, तुरीची डाळ, बाळंतिणीसाठी डिंक-खोबरं, स्वच्छ जुन्या साड्या चालतात. बाळाचे कपडे सध्या भरपूर आहेत, ते नकोत. आयकरात सवलत मिळेल असं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, आधीच सांगून ठेवतो.

पैसे गटाच्या बँक खात्यातच भरा. खात्याचा तपशील तुमच्या गावातल्या बचत गटाच्या सचिवांकडे आहे. रोख दिली तर पावती घ्या, आमच्या माणसाने दिली नाही तर रोख परत मागा. दर महिन्याच्या बैठकीत जमाखर्चाची वही उघडी असते, कोणीही येऊन पाहावी. त्यात रक्कम, तारीख आणि कशावर गेली ते लिहिलेलं आहे. कोणासाठी गेली ते लिहिलेलं नाही, आणि विचारलं तरी आम्ही सांगणार नाही.

आपल्या नम्र,
बचत गटांच्या वाटखर्ची समितीच्या सदस्या