ताप नसला तरी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, "ताप कुठे आहे? मग डॉक्टर कशाला?" एवढं म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. म्हणून आज सविस्तर लिहिते.

ताप जंतू आणत नाहीत, आपलं शरीर तो स्वतः चढवतं. जंतू आत शिरले की पांढऱ्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात. त्यांचा सांगावा मेंदूपर्यंत गेला की मेंदू अंग तापवतो. त्या उष्णतेत बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशींना जोर चढतो. उतारवयात हे सगळं संथ होतं. न्यूमोनिया झालेला असतो, तरी कधीकधी ताप येतच नाही. जेवण जात नाही, एकाएकी गळून जायला होतं, धाप लागते, बोलण्यात गोंधळ होतो, एवढंच दिसतं. आई, बाबांना यातलं काही झालं तर थर्मामीटर बघत बसू नकोस, त्यांना लगेच डॉक्टरांकडे ने. आणि तुला झालं तर अंगावर काढू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. आपलं कोण आणि परकं कोण, हे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे शिकतात. वयाबरोबर ती आकसत जाते, त्यामुळे नव्या जंतूशी लढायला नवी कुमक कमी पडते. जुनी ओळख मात्र पुष्कळदा टिकते. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. तिथे गेलेल्या पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने लिहून ठेवलंय, की १७८१च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. ६५ वर्षं! मला याचं फार अप्रूप वाटतं.

लस हीच ओळख आजाराशिवाय करून देते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यायची. न्यूमोनियाची आणि नागिणीचीही विचारा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. टी-पेशींचा पहारा ढिला पडला की नागीण उठते, आणि तिची आग काहींना महिनोन् महिने छळते.

बाबा, तुमच्या मधुमेहाच्या फाइलमध्ये आधी घेतलेल्या लशींची नोंद आहे का, ते बघून ठेवा. रविवारी फोन करेन, तेव्हा डॉक्टरांची वेळ घेऊन टाकू. दोघांचीही.

तुमची लेक