चि. स्वातीस, गाडी अडवली तर

चि. स्वाती,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू हसत हसत सांगितलंस आणि मीही ‘बरं झालं’ म्हणून फोन ठेवला. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. रात्री अकरा वाजता, सामसूम चौकात एक पोलीस तुझ्या गाडीची किल्ली काढून घेतो, पाचशे रुपये मागतो आणि तू म्हणतेस, “साहेब, चलान करा, असे देणार नाही.” त्यानं किल्ली परत दिली म्हणून बरं. दिली नसती तर? तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. किल्ली काढून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठंही दिलेला नाही. गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर लायसन दाखवायचं, हे कलम १३०, आणि ते दाखवायलाच पाहिजे. डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहनमधलं लायसन आणि आरसी कागदाइतकंच चालतं, २०१८ पासून नियमच तसा आहे. पण नुसता फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलेला चालत नाही, आणि तू फोटोच ठेवतेस हे मला माहीत आहे. लायसन ताब्यात घेतलंच तर पोचपावती मागायची. कलम २०६. लायसन परत मिळेपर्यंत, नाहीतर पोचपावतीवर तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, त्या पोचपावतीवर गाडी चालवता येते.

हे कलम मला का पाठ आहे, तुला आठवतंय का? तू तेव्हा दुसरीत का तिसरीत. सुट्टीत माझ्याबरोबर एसटीत यायचीस आणि इंजिनाच्या बॉनेटवर बसायचीस. एका नाक्यावर एकानं माझं लायसन घेऊन सरळ खिशात घातलं. मी म्हटलं, पावती द्या, नाहीतर मी स्टेअरिंगला हात लावणार नाही. शिंदेकाका घंटीची दोरी धरून उभे, “आप्पा, चला हो, उद्या बघू.” गाडी खचाखच भरलेली. आणि तू भडंगाची पुडी घेऊन खाली उतरलीस ती थेट त्या साहेबांपुढे. “काका, आधी पावती द्या, मग भडंग.” अख्खी गाडी हसली. त्यानं पावती लिहून दिली.

काल तू बोलत होतीस तेव्हा मला तीच पोरगी ऐकू येत होती. छाती भरून आली, खोटं कशाला सांगू. पण स्वाती, त्या दिवशी माझ्या मागे भरलेली गाडी होती. शिंदेकाका होते. काल तुझ्या मागे कोण होतं?

म्हणून सांगतो. थांब म्हटलं की थांबायचंच, पळायचं नाही. पण इंडिकेटर देऊन, वेग कमी करून जरा उजेडात घे, दुकानासमोर, पेट्रोल पंपाजवळ. आवाज चढवू नकोस. मी असो वा दादा, तिथल्या तिथे फोन लाव आणि चालूच ठेव. कुणी लागलं नाही तर ११२. चौकीवर चल म्हणाले, तर लक्षात ठेव: सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. तसंच काही अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची असते. पूर्वी हे सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३ आहे. झडती घ्यायची तर बाईनंच.

भाषण झालं ना? राग मानू नकोस. तू कमावती झालीस, तुला हे सगळं माझ्याआधी मोबाइलवर सापडतं. पण मोबाइलवर कलम सापडतं, रात्री अकराला चौकात माणूस सापडत नाही.

आणि हेल्मेटचा बेल्ट लावलेला नव्हता हे तूच म्हणालीस. म्हणजे चलान खरंच होतं. मेसेज आला तर भर. जागेवर रोख द्यायची सक्ती नाही, ऑनलाइन भरता येतं. चुकीचं वाटलं तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार कर. सगळेच तसे नसतात, हेही सांगतो. खंबाटकीत भर पावसात, बॅटरी हातात घेऊन आम्हाला एकेक गाडी काढून देणारे हवालदार मी पाहिलेत. त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही.

दादा शनिवारी तिकडे येतोय. त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवलेत. डबा सुमनआत्याचा आहे, परत पाठव. पीयूसीची तारीख बघून घे. आणि दुसरी पाळी बदलून मिळेल का, साहेबांना विचारलंस का? मागच्या महिन्यात विचारते म्हणाली होतीस. काय म्हणाले ते कळव.

तुझा,
आप्पा