अपडेट अडले म्हणून लगेच फॉरमॅट नको

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

घरच्या संगणकावर विंडोजचे अपडेट महिनोन्महिने अपयशी होत राहते, ही तक्रार आमच्या देवगड तालुक्यात आणि कुडाळ-मालवणपासून राजापूर-गुहागरपर्यंतच्या परिचितांकडूनही सारखी ऐकू येते. तिच्यावर दुकानात असो वा गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याकडून असो, बहुधा एकच उपाय सुचवला जातो : ‘फॉरमॅट मारून टाका’, म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाका. निवृत्तीनंतर या कामासाठी शेजारपाजारच्या घरांत माझे जाणे होते, आणि त्या अनुभवावरून मला ठामपणे सांगावेसे वाटते, की हा उपाय बहुतेक वेळा अनावश्यक असतो. त्यात घरातले फोटो, बागेचे हिशेब आणि श्रीलिपीसारख्या प्रणालीत टंकलेला जुना मजकूर वाचण्यासाठी लागणारे फाँट नाहीसे होतात; आणि अडण्याचे मूळ कारण विजेत, इंटरनेटच्या जोडणीत किंवा संगणकाच्या घड्याळात असेल, तर नव्याने टाकलेले विंडोजही पुढच्या महिन्यात त्याच जागी येऊन थांबते.

नेमके काय बिघडले आहे याची पहिली खूण संगणक स्वतःच देत असतो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘अपडेट हिस्टरी’ उघडली, की अपयशी ठरलेल्या अपडेटसोबत त्रुटीचा क्रमांक दिसतो. सुरुवातीचे ‘शून्य एक्स’ प्रत्येक क्रमांकात असते, म्हणून ते सोडून पुढचेच आकडे येथे लिहितो. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. ८००७२ईई२ म्हणजे अपडेट पुरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या संगणकाकडून, म्हणजे सर्व्हरकडून, वेळेत उत्तर आले नाही. ८००७३७१२ म्हणजे विंडोजने आपले मूळ घटक ज्या भांडारात जपून ठेवलेले असतात, त्यातील एखादी फाइल हरवली वा खराब झाली आहे. हा क्रमांक कागदावर उतरवून न घेता कोणी दुरुस्ती सुरू केली, तर ती अंदाजाने केलेली दुरुस्ती होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या किनारपट्टीवर विशेष आढळणारे आणि तरीही फारसे कोणाच्या ध्यानात न येणारे एक कारण म्हणजे संगणकाचे चुकलेले घड्याळ. संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची, रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते आणि संगणकाला वीज मिळत नसताना तारीख-वेळ तीच सांभाळते. वळिवाच्या गडगडाटात आणि पुन्हा पाऊस परतताना आपण विजेच्या भीतीने प्लग काढून ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण काही घरांत तो प्लग आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, त्या काळात सगळा भार या छोट्या बॅटरीवर येतो आणि काही वर्षांची झालेली बॅटरी अशा वेळी संपते. मग संगणक सुरू केल्यावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. अपडेटच्या सर्व्हरशी होणारे संभाषण सुरक्षा प्रमाणपत्रावर चालते आणि त्या प्रमाणपत्राची मुदत संगणक आपल्याच घड्याळाशी ताडून पाहतो, त्यामुळे तारीख चुकीची असली की प्रमाणपत्र अमान्य ठरते आणि ८००७२एफ८एफ हा क्रमांक उमटतो. तारीख आणि वेळ दुरुस्त केली, भारतीय प्रमाणवेळ निवडली आणि बॅटरी बदलली, की हा आजार संपतो. बॅटरी कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. एवढ्यासाठी सगळी डिस्क पुसली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे कारण वीज. अपडेट बसत असताना वीज गेली, तर विंडोज बहुतेक वेळा केलेले बदल मागे घेते. परंतु प्रत्येक वेळी ते साधतेच असे नाही, आणि अर्धवट राहिलेला एखादा घटक पुढच्या सगळ्या अपडेटांना अडवून धरतो. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांचा अनुभव घेतलेल्या आपल्या भागाला विजेच्या बेभरवशाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी तो ‘यूपीएस मोड’वर ठेवावा, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षणभराचा अवधीही डेस्कटॉप संगणक बंद पाडायला पुरतो. लॅपटॉपची बॅटरी मृत झाली असेल, तर तोही या बाबतीत डेस्कटॉपसारखाच समजावा.

वाडीवस्तीवर इंटरनेट बहुधा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतले जाते. ही जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायच्या डेटाची, म्हणून नोंदलेली असेल, तर डेटा वाचवण्यासाठी विंडोज बहुतेक अपडेट आपणहून उतरवतच नाही. अपडेट आले नाही, एवढेच आपल्याला दिसते. नोंद बदलता येते, पण रेंज येत-जात असताना काही शे एमबी, कधी त्याहूनही कितीतरी मोठी फाइल उतरवण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. अशा वेळी अपडेटचा ‘केबी’ने सुरू होणारा क्रमांक टिपून घ्यावा आणि तालुक्याच्या ठिकाणी चांगले नेट मिळेल तेथे ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ या अधिकृत संकेतस्थळावरून तेच अपडेट पेनड्राइव्हवर घेऊन यावे. विंडोजची आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार (६४ बिट की एआरएम) एवढे जुळवून घेतले, की ती फाइल इंटरनेटशिवायही बसवता येते. ही सोय कित्येकांना ठाऊक नाही, आणि दुर्गम वाड्यांसाठी तिच्याइतका उपयोगी मार्ग दुसरा नाही.

जागेविषयी थोडक्यात लिहितो. ३२ जीबी साठवण असलेले स्वस्त लॅपटॉप मोठ्या अपडेटला पुरत नाहीत. त्यांना अपडेट बसताना पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क जोडून द्यावी लागते. इतरांनी सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ विभागातून तात्पुरत्या फाइली काढाव्यात, मात्र तेथे ‘डाउनलोड्स’ हा पर्यायही असतो, त्यावर खूण करण्यापूर्वी आत काय आहे ते पाहावे.

जागेचे एक उदाहरण मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेले केबी५०३४४४१ हे अपडेट जगभर असंख्य घरगुती संगणकांवर ८००७०६४३ हा क्रमांक दाखवून अपयशी ठरले. त्याला सी ड्राइव्हवर नव्हे, तर डिस्कवर दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि तेवढी ती अनेक संगणकांत मुळातच ठेवलेली नव्हती. ज्या संगणकावर रिकव्हरीची व्यवस्थाच नाही त्याला या अपडेटची गरज नाही, तेथे त्रुटीकडे दुर्लक्ष करावे, असे मायक्रोसॉफ्टनेच कळवले होते. म्हणजे दोष वापरणाऱ्याचा नव्हता, संगणकही बिघडलेला नव्हता. ती माहिती मराठीत कोणी वेळेवर दिली असती, तर कित्येकांचा खर्च आणि मनस्ताप वाचला असता.

वर ८००७३७१२ या क्रमांकापाशी सांगितलेले विंडोजचे भांडारच बिघडले असेल, तरीही फॉरमॅटपूर्वी बरेच काही करता येते. अपडेटच्या सेवा थांबवून विंडोजच्या फोल्डरमधील ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरचे नाव बदलले, की अर्धवट उतरलेल्या फाइली बाजूला पडतात आणि विंडोज तो फोल्डर नव्याने तयार करते. यात आपल्या कागदपत्रांना धक्का लागत नाही, फक्त अपडेटची जुनी यादी पुसली जाते, म्हणून त्रुटी क्रमांक आधी टिपलेला असावा. त्यानंतर प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडून प्रथम ‘डीआयएसएम’ची ‘रिस्टोअर हेल्थ’ आणि मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’ या आज्ञा द्याव्यात. हा क्रम उलटा करू नये : दुसरी आज्ञा ज्या भांडारातून चांगल्या फाइली घेते, ते भांडार पहिली आज्ञा दुरुस्त करते. एवढ्यानेही भागले नाही, तर विंडोज ११ मध्ये ‘रिकव्हरी’च्या पानावर अपडेटच्या मार्गाने विंडोज पुन्हा बसवण्याची सोय आहे आणि तीत फाइली, प्रोग्राम व सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. विंडोज १० वर हेच काम अधिकृत इन्स्टॉलेशन फाइल चालवून होते. डिस्क खटखट आवाज करत असेल किंवा फाइली उघडायला विलक्षण वेळ लागत असेल, तर मात्र यांपैकी काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून घ्यावी. तसेच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एनक्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली, असू शकते. दुरुस्तीला देण्यापूर्वी ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्यावी.

एका गोष्टीबद्दल कठोर लिहिणे भाग आहे. काही ठिकाणी फॉरमॅटच्या नावाखाली क्रॅक केलेली (परवाना तपासणी मोडून काढलेली), काटछाट केलेली विंडोजची प्रत टाकली जाते आणि तिच्यात अपडेटची सेवाच बंद करून ठेवलेली असते. ‘आता अपडेटचा त्रास होणार नाही’ असे ग्राहकाला सांगितले जाते, आणि बँकेचे व्यवहार करणारा तो संगणक त्या दिवसापासून उघडा पडतो. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर भगदाड बुजवणारे अपडेट दिले होते. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हे फाइली अडवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर त्याच भगदाडातून जगभर पसरले, आणि जूनमधील ‘नॉटपेट्या’ या तशाच दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरने इतर मार्गांबरोबर त्याचाही उपयोग केला, तेव्हा आपल्याच किनाऱ्यावरील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हेही अनेक घरांत अजून पोहोचलेले नाही. तेथे अपडेट येत नाही, यात बिघाड काहीच नाही. २२एच२ ही आवृत्ती असलेल्यांना वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची तरतूद आहे. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी २२एच२ वर यावे लागते.

या पत्राद्वारे माझ्या दोन विनंत्या आहेत. संगणक दुरुस्त करणाऱ्या बंधुभगिनींनी पावतीवर त्रुटी क्रमांक, सापडलेले कारण आणि केलेला उपाय लिहून द्यावा, आणि ग्राहकांनी तो मागून घ्यावा. दुसरी विनंती आपल्याला : मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्र झालेली असताना, सुरक्षा अपडेट प्रसिद्ध करते, आणि त्यांतील माहीत झालेल्या अडचणी आपल्या ‘रिलीज हेल्थ’ या पानावर इंग्रजीत देते. त्या आठवड्यात आपल्या जिल्हा आवृत्तीत एक छोटी चौकट मराठीत छापावी. मजकूर तयार करून वेळेवर पाठवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग