लिहून देणार कोण?

प्रिय मित्रा,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नातीच्या बाप्तिस्म्याला तू का आला नाहीस हे स्पष्ट लिहिलंस ते फार बरं केलंस. तब्येतीचं कारण खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तीन आठवडे ते मनात सलत होतं. आता निदान खरं कारण समोर आहे. तू विचारतोस, तीन महिन्यांच्या लेकराला विश्वास म्हणजे काय ते ठाऊक नाही, मग त्याला पाणी लावून आपण देवाशी कुठला करार करतो? आणि पुढे लिहितोस, "तुम्ही लोक जुना करार नव्यात कालवता." हे वाक्य मला लागलं, म्हणून जरा लांबलचक लिहितो आहे. सवडीने वाच.

माझी पस्तीस वर्षं दस्त लिहिण्यात गेली, तू जाणतोस. भाडेकरार, खरेदीखत, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. कुठलाही दस्त हातात आला की मी आधी दोन नावं शोधतो, 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. बाकी मजकूर नंतर. आपण दोघं संडेस्कूलपासून 'जुना करार', 'नवा करार' म्हणत आलो, पण यात लिहून देणार कोण, हे आपल्याला कुणी विचारलं नाही आणि आपणही विचारलं नाही. करार हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, त्यात ठरण्याचा, स्थिर होण्याचा अर्थ आहे. पण बाजारात त्याचा अर्थ एवढाच उरला की दोघांनी अटी कबूल केल्या, एकाने मोडल्या की दुसरा मोकळा. तुझ्या प्रश्नातही तोच अर्थ बसला आहे. "आपण देवाशी कुठला करार करतो," असं तू लिहिलंस.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पंधरावा अध्याय पुन्हा काढ. अब्राम विचारतो, हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू? त्यावर देव त्याला जनावरं आणायला सांगतो. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिलू. अब्राम जनावरं मधोमध चिरतो आणि अर्धं अर्ध्यासमोर मांडतो. पाखरं मात्र तो चिरत नाही. मधे वाट राहते. मग मांसावर घारी-गिधाडं उतरायला लागतात आणि म्हातारा अब्राम दिवसभर त्यांना हाकलत उभा राहतो. हे हाकलणं मला नेहमी थांबवतं. देवाने वचन दिलंय, विधीची मांडणी झालीय, आणि माणसाच्या वाट्याला काम आलं ते पाखरं उडवण्याचं.

हिब्रूत कराराला बेरीथ म्हणतात, आणि हिब्रू माणूस करार 'कापतो'. का कापतो ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात कळतं. यरुशलेमच्या सरदारांनी आपल्या हिब्रू दासदासींना मुक्त करायची शपथ घेतली, वासरू दुभागलं, त्या दोन भागांमधून चालत गेले, आणि मग त्याच दासांना परत धरून आणलं. देव म्हणतो, तुमचीही त्या वासरासारखी गत करीन. म्हणजे मधून चालणारा माणूस स्वतःवर शापच ओढवून घेत असे, शब्द मोडला तर माझे असे तुकडे होवोत.

आता परत अब्रामाकडे ये. सूर्य मावळतो. त्या दोन ओळींमधून कोण चालतं? अब्राम नाही. अब्रामाला गाढ झोप लागली आहे. धुराची भट्टी आणि पेटती मशाल त्या तुकड्यांमधून जातात, आणि ती देवाची उपस्थिती आहे. मी हे दस्त लिहिणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. शपथ घ्यायला एकच पक्ष उभा आहे. लिहून घेणारा झोपलेला आहे.

महापुरानंतर देवाने नोहाला पुन्हा असा पूर आणणार नाही असं वचन दिलं, त्या कराराचंही तसंच आहे, तो मी इथे फार लांबवत नाही. पण एवढं बघ, हिब्रूत मेघातल्या धनुष्याला आणि लढाईतल्या धनुष्याला एकच शब्द आहे. आपल्या मराठीतही तो तसाच राहिला. देवाने आपलं धनुष्य ढगात टांगून ठेवलं, आणि त्यासाठी नोहाकडून एकही सही घेतली नाही.

सीनाय पर्वतावरची गोष्ट मात्र वेगळी, हे मी तुझ्याइतकंच मानतो. निर्गमच्या चोविसाव्या अध्यायात मोशे कराराचं पुस्तक वाचून दाखवतो, लोक एका आवाजात म्हणतात, परमेश्वराने सांगितलं ते सगळं आम्ही करू, आणि मग अर्धं रक्त वेदीवर, अर्धं लोकांवर. हा खरा दुतर्फी दस्त. १९५४ मध्ये जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन अभ्यासकाने दाखवलं की हित्ती सम्राट आपल्या मांडलिक राजांशी जे तह करत, त्यांचा साचा इथल्यासारखाच होता. आधी सम्राटाचं नाव, मग मी तुझ्यासाठी काय काय केलं त्याचा वृत्तांत, मग अटी, मग तो दस्त देवळात ठेवून ठरावीक काळाने वाचायचा हुकूम, मग साक्षीदार, शेवटी आशीर्वाद आणि शाप. आता दहा आज्ञांची सुरुवात आठव. मी परमेश्वर तुझा देव, मी तुला मिसरातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. नाव आणि वृत्तांत, दोन्ही एका वाक्यात आले. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात साक्षीला आकाश आणि पृथ्वी बोलावली आहेत. मेरेडिथ क्लाईन या अभ्यासकांचं म्हणणं तर असं की या आज्ञांच्या दोन पाट्या म्हणजे पाच-पाच आज्ञांची वाटणी नव्हे, एकाच दस्ताच्या दोन प्रती, एकेका पक्षासाठी एकेक. ते मला पटतं, कारण आमच्याकडेही तेच चालतं. फक्त इथे दोन्ही प्रती एकाच कोशात, कराराच्या पेटीत, ठेवल्या, कारण देव लोकांमध्येच राहायला आला होता.

इस्राएली अभ्यासक मोशे वाइनफेल्ड यांनी १९७० मध्ये यात आणखी एक फरक दाखवला. त्या काळच्या राजांचे दस्त दोन तऱ्हेचे असत. एक हा मांडलिकाचा तह, आणि दुसरा निष्ठावंत सेवकाला दिलेली इनामाची सनद. सीनाय पहिल्या जातीचा, अब्राहामाचा (अब्रामाचंच पुढचं नाव) आणि दावीद राजाचा दुसऱ्या. आपल्या मुलुखात सनद म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी ही विभागणी मी फार ताणत नाही. सतराव्या अध्यायात त्याच अब्राहामाला देव म्हणतो, माझ्यासमोर चाल आणि सात्त्विक ऐस, आणि ज्याची सुंता झाली नाही त्याने माझा करार मोडला असंही म्हणतो. देणगीतही वागणुकीची अपेक्षा आहेच.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कालवाकालव कोण करतं? गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल अगदी माझ्या धंद्याची भाषा बोलतो. माणसाचा करारसुद्धा एकदा कायम झाला की तो कुणी रद्द करत नाही किंवा त्यात भर घालत नाही. मग चारशे तीस वर्षांनी आलेलं नियमशास्त्र आधीचं अभिवचन कसं रद्द करील? नोंदणी झालेलं, घेणाऱ्याने स्वीकारलेलं बक्षीसपत्र देणाऱ्यालाही मनाला येईल तेव्हा मोडता येत नाही, मग मागाहून केलेल्या दुसऱ्या दस्ताने ते कसं मोडेल? हाच धागा धरून आपले जुने लोक म्हणाले की एदेनबागेत कर्मांचा, म्हणजे आज्ञा पाळण्यावर टिकणारा, करार होता, आणि पतनानंतर येशूपर्यंत आणि त्यानंतरही कृपेचा करार एकच, फक्त त्याचा कारभार निरनिराळा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर सभेने १६४६ मध्ये हे कलमवार लिहून ठेवलं. नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मिशनऱ्यांच्या सामानात हाच वारसा होता, म्हणून तुझ्या-माझ्या दोघांच्याही कपाळाला लहानपणीच पाणी लागलं.

पण या वारशाला एक डाग आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. सुंतेच्या जागी बाप्तिस्मा आला, करार एकच आहे, हा युक्तिवाद झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीने जोरात मांडला तो तुझ्यासारखं म्हणणाऱ्या लोकांविरुद्ध. जानेवारी १५२५ मध्ये तिथे काही जणांनी प्रौढपणी, स्वतःच्या विश्वासावर बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांनी नगरसभेने त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमात नदीत बुडवून मारलं. पाण्याच्या वादावर पाण्यानेच शिक्षा. माझं करार-ईश्वरविज्ञान त्या भांडणात वाढलं, हे आठवलं की मला लाज वाटते.

तुमच्या सभागृहातल्या भिंतीवरचा तक्ता मी नीट पाहिला होता. निष्पापतेपासून राज्यापर्यंत देवाच्या कारभाराची सात युगं, मधे मंडळीचं (चर्चचं) युग, आणि इस्राएलाची गाडी वेगळ्या रुळावर. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी ही मांडणी उभी केली आणि १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ-बायबलच्या तळटीपांनी ती घरोघर नेली. डार्बी स्वतः विश्वासणाऱ्यांच्या लेकरांनाही बाप्तिस्मा द्यावा या मताचे होते, हे तुला माहीत आहे का? आणि उलट, १६८९ च्या विश्वासाच्या कबुलीजबाबाचे इंग्लिश बाप्टिस्ट कृपेचा एकच करार मानूनही लहानांना बाप्तिस्मा देत नव्हते. म्हणजे तक्ता एक आणि पाणी दुसरं, अशी सरळ जोडी लागत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचा तक्ता मला माझ्या जागेवरून हलवतो. इस्राएल म्हणजे इस्राएल, असं तुम्ही म्हणता. आमच्यातल्या पुष्कळांनी शतकानुशतकं शिकवलं की मंडळी आली आणि यहूद्यांचा करार संपला. अलिबागजवळच्या नवगावला मी एकदा गेलो होतो. बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी यहूद्यांचे, पूर्वज जहाज फुटून तिथेच किनाऱ्याला लागले असं ते सांगतात. कोकणात ते तेल गाळत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. हाताशी ग्रंथ नव्हते, भाषा मराठी झाली, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या मुलाची सुंता आठव्या दिवशीच होत राहिली. अब्राहामाला सांगितलेला तोच आठवा दिवस. तिथे उभं राहून 'तुमचा दस्त रद्द झाला' असं म्हणायला माझी जीभ उचलली नसती. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल आपल्याला, परराष्ट्रीयांना, रानटी जैतुनाची डहाळी म्हणतो आणि मूळच्या फांद्यांपुढे फुशारकी मारू नको असं बजावतो. देवाची कृपादानं आणि पाचारण अपरिवर्तनीय आहेत, हे वाक्य त्याच अध्यायात, त्यांच्याबद्दलच आहे. पण दोन वेगळे रूळ मला तिथे दिसत नाहीत. झाड एकच दिसतं. आणि त्या झाडावरून आज कुणाच्या जमिनीचा नकाशा काढून कुणाला घराबाहेर काढावं, हे तर मुळीच दिसत नाही.

आता नातीबद्दल. सात-बाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहितात, अज्ञान पालनकर्ता, आई नाहीतर बाप. बक्षीस लेकराच्या नावाने येतं आणि पालक ते त्याच्या वतीने स्वीकारतो. माझ्या मुलाने आणि सुनेने त्या दिवशी वेदीपुढे एवढंच केलं. तू म्हणशील, जमीन पालकाने स्वीकारता येते, विश्वास येत नाही. खरं आहे. आणि तुझ्या हातात याहून भक्कम कागद आहे, यिर्मयाचा एकतिसावा अध्याय. नवा करार त्या जुन्यासारखा नसेल, नियमशास्त्र अंतःकरणावर लिहिलं जाईल, आणि लहानापासून थोरापर्यंत ते सर्व मला ओळखतील. सर्व ओळखतील, तर न ओळखणाऱ्या लेकराला आत कसं घ्यायचं? या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ते सर्व ओळखणं अजून पुरतं आलेलं नाही, आपण त्याच्या वाटेवर आहोत, इतकंच मी म्हणू शकतो. म्हणून ती सज्ञान झाल्यावर स्वतःच्या तोंडाने कबुली देईल तो दिवस आमच्यासाठीही मोठा आहे.

१९७० मध्ये नागपूरला उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एकत्र आली तेव्हा बाप्टिस्ट आणि आपले लोक एकाच घरात आले, आणि दोन्ही तऱ्हेचा बाप्तिस्मा मान्य धरला गेला. ज्या दोन मतांचे लोक झुरिकमध्ये नदीच्या दोन काठांवर होते, त्या मतांचे लोक इथे एका बाकावर बसले. तू त्या बाकावरून उठून गेलास, तो तुझा विवेक. त्यावर मी बोलणार नाही.

ग्रीक अनुवादकांनी बेरीथसाठी दियाथेके हा शब्द घेतला, आणि बाजारात त्याचा अर्थ मृत्युपत्र असा होता. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक त्याच अर्थावर बोट ठेवतो, करणाऱ्याच्या मरणाशिवाय ते अमलात येत नाही. मी कितीतरी मृत्युपत्रं लिहिली, पण जनावरांच्या तुकड्यांमधून स्वतः चालून गेलेला आणि मग दुसऱ्याने शब्द मोडल्यावर तो शाप स्वतःवर घेऊन मेलेला लिहून देणारा मी दुसरा पाहिलेला नाही. वधस्तंभाकडे मी असाच पाहतो.

बाप्तिस्म्याच्या वेळी पोरगी गाढ झोपली होती. पाळकांनी नाव विचारलं, सुनेने सांगितलं, पाणी लागलं तेव्हा फक्त भुवई हलली. मला एकदम अब्राम आठवला, आणि डोळे पुसावे लागले. तेव्हा तू शेजारी असायला हवा होतास असं फार वाटलं.

येत्या शनिवारी ऑफिस बंद आहे. सकाळच्या एसटीने ये, संध्याकाळपर्यंत बसू. यिर्मयाचा तो अध्याय तू वाच, मी ऐकतो. वहिनींनाही घेऊन ये, पोरगी आता ओळखीने हसते.

तुझाच,
नगरचा मित्र