तुमच्या लॉगबुकातल्या एका ओळीबद्दल

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या हौशी रेडिओची लॉगबुकं, म्हणजे कोणाशी कधी संपर्क झाला त्याच्या नोंदवह्या, स्कॅन करायचं काम अंगावर घेतलं, त्याला चार महिने झाले. एकूण ४१ वह्या आहेत. काहींचे कोपरे वाळवीने खाल्लेत, पण तुमचं अक्षर पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत एकाच वळणाचं आहे. गेल्या आठवड्यात बाविसाव्या वहीत मला माझंच कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, दिसलं. मी पहिल्यांदा मोर्स पाठवायची की, म्हणजे कळ, दाबली तो दिवस. तुम्ही कामासाठी तीनशे किलोमीटरवर गेला होता, छोटा सेट सोबत नेला होता, आणि सकाळी ७ मेगाहर्ट्झवर माझी वाट बघत बसला होता. त्या ओळीत आरएसटीच्या, म्हणजे सिग्नल कसा ऐकू आला त्याच्या रकान्यात लिहिलंय ३३९, आणि पुढे एक सी. शेऱ्यात तुमचं बारीक अक्षर: ‘हात थरथरतो. चुकलेलं अक्षर न विसरता पुन्हा पाठवते. पॉवर सप्लाय बघायला हवा.’

तो शेरा मी तेव्हा पाहिला नव्हता. तीस वर्षांनी वाचला आणि स्कॅनर बंद करून बसून राहिले. हे सगळं तुमच्यासमोर तोंडाने बोलायला गेले, तर तुम्ही ‘बरं, बरं, पुढचं सांग’ म्हणून विषय बदलाल. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं हे पत्र लिहिते आहे.

ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पहिला आकडा संदेश किती समजला त्याचा, पाचपैकी. दुसरा सिग्नलच्या जोराचा, नऊपैकी. तिसरा सुराच्या शुद्धतेचा, तोही नऊपैकी. आणि सी म्हणजे चर्प, की दाबली की सूर पक्ष्यासारखा घसरतो तो दोष. बहुतेक मंडळी समोरच्याला सरसकट ५९९ देऊन टाकतात. नवख्या मुलीला तर कोणीही दिलं असतं. तुम्ही ३३९ दिलंत, आणि मी त्या रात्री रडले. आज त्या तीन आकड्यांबद्दलच सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत.

परीक्षेत नापास होऊन घरात बसले होते तेव्हा तुम्ही मला तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात बोलावलंत. दया म्हणून नाही. पहिल्याच दिवशी हजेरीपटावर सही घेतलीत आणि महिनाअखेरीस इतरांसारखाच पगाराचा लिफाफा दिलात. माझ्या कमाईवर मीच फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल विकत घेतला, एका ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर जोडला. त्या ३३९ सीचा धनी तोच.

परत आल्यावर तुम्ही माझ्या सेटला हातसुद्धा लावला नाहीत. म्हणालात, “की दाबल्यावर व्होल्टेज कुठे जातं ते मीटरवर बघ.” बघितलं. की दाबली की व्होल्टेज धपकन खाली यायचं. ऑसिलेटरला, म्हणजे रेडिओलहर निर्माण करणाऱ्या भागाला, मिळणारं व्होल्टेज बदललं की त्याची फ्रिक्वेन्सीही जराशी सरकते, आणि ती सरकणंच कानाला चर्प म्हणून ऐकू येतं. माझा ट्रान्सफॉर्मर भार पेलायला लहान पडत होता. मग तुम्ही मला मोजपट्टी दिलीत. गाभ्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढायचं, ४५ ला त्याने भागायचं, एका व्होल्टला तेवढे वेढे. ५० हर्ट्झच्या पुरवठ्याला आणि १ टेस्लाच्या चुंबकत्वाला हा हिशेब चालतो. माझा गाभा ९ चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे व्होल्टला ५ वेढे, २३० व्होल्टला ११५०. हाताने फिरवायच्या वाइंडिंग मशीनवर सातशेच्या पुढे कुठेतरी माझी मोजणी चुकली. पाच-सात वेढे इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, हे मला कळत होतं, तुम्हालाही कळत होतं. तरी तुम्ही सगळी तार उलगडायला लावलीत. “किती वेढे झाले ते तुला माहीत नाही, एवढंच तुला माहीत आहे. मग लिहिणार काय?”

हे तुम्ही सैन्यातून आणलं होतं, असं मला पुढे उमगलं. युद्धाबद्दल तुम्ही जवळजवळ कधीच बोलला नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही. एकदाच सांगितलंत: सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेश विभागात, ऐकू न आलेल्या शब्दाची जागा रिकामी सोडायची, आपल्या मनाने भरायची नाही, कारण त्या कागदावर कुणीतरी माणसं पुढे पाठवणार असतं. माझ्या मोर्सच्या सरावात मी अंदाजाने भरलेली अक्षरं तुम्ही लाल पेन्सिलीने खोडायचात, बरोबर असली तरी खोडायचात. तो मला अन्याय वाटायचा.

मोर्स शिकवायची तुमची रीतही सांगून ठेवते, कारण अजूनही कितीतरी जण टिंबं आणि रेघांचा तक्ता पाठ करतात. तुम्ही तक्ता दाखवलाच नाहीत. दोनच अक्षरं, पण पूर्ण वेगात, ती कानात बसली की तिसरं. अक्षर ही एक चाल आहे, तिचे तुकडे मोजायला गेलात की ती हातची गेली. अशीच पद्धत लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडली होती, हे मी खूप नंतर वाचलं. २००३ मध्ये परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, तेव्हा ‘आता कोण शिकणार’ असं सगळे म्हणत होते. तुम्ही त्याच महिन्यात रविवारचा वर्ग सुरू केलात. तीन मुलं आली. तिघंही आज की चालवतात.

वह्या चाळताना तुमचं आयुष्य मला क्रमाने वाचायला मिळालं, आणि त्यात तुम्ही कधीच न सांगितलेल्या गोष्टी निघाल्या. पहिल्या वहीत परवाना नाही, नुसतं ऐकणं आहे. बराकीत उसन्या रिसीव्हरवर ऐकलेली स्टेशनं, १९५७-५८ ची. सौरडागांच्या नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत उंच कळस तेव्हाचा. २८ मेगाहर्ट्झवर अगदी थोड्या वॉटची स्टेशनं जगाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू येत होती. पानंच्या पानं भरली आहेत. त्यानंतर सूर्याची दर अकरा वर्षांची चढउतार सहा वेळा तुमच्या वह्यांमधून गेली आहे. पानं दाट होतात, विरळ होतात, पुन्हा दाट होतात.

डिसेंबर १९६१ च्या पानांवर नुसते सेकंद आहेत. आधी काही कळेना. मग लक्षात आलं. १२ डिसेंबर १९६१ ला ऑस्कर १ हा हौशी मंडळींनी बांधलेला पहिला उपग्रह वर गेला आणि तीनेक आठवडे मोर्समध्ये ‘हाय’ एवढंच म्हणत राहिला. आतल्या तापमानाप्रमाणे त्याचा वेग बदलायचा, म्हणून ऐकणारे वेळ मोजून पाठवायचे. तुम्ही सैन्य सोडून धंद्यात नुकतेच पडला होता, दिवसा कारखान्याची जागा शोधत फिरत होता, आणि रात्री दहा ‘हाय’ना किती सेकंद लागले ते लिहीत होता. एका जागी लिहिलंय: ‘आठवा हुकला. मोजणी रद्द.’

आणखी एका नोंदीपाशी मी फार वेळ थांबले. कुणाशी तरी चाळीस मिनिटं बोलणं झालंय आणि शेऱ्यात एवढंच: ‘कॉलसाइन देण्याआधी हात ओळखला.’ ऑपरेटरचा हात चेहऱ्यासारखा असतो, हे तुम्ही शिकवलंत. हा तुमच्या तुकडीतला सोबती होता ना? त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तेच कॉलसाइन आहे, एकोणीस वर्षं. मग एका शनिवारी ‘सायलेंट की’, म्हणजे तो ऑपरेटर गेला, आणि त्यापुढच्या शनिवारीही तीच फ्रिक्वेन्सी, तीच वेळ, ‘ऐकलं. कोणी नाही.’ काका, याबद्दल तुम्ही कुणाशीच बोलला नाहीत.

कारखान्याबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथल्या लोकांनी ते माझ्याहून चांगलं लिहावं. पण ती एक खेप मला विसरता येत नाही. एका गिऱ्हाइकाकडे बसलेल्या ट्रान्सफॉर्मरला तुम्ही कान लावलात. पुरवठ्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची गुणगुण तर असतेच, पण त्यात गाभ्याचे पत्रे सैल असल्याची खरखर तुम्हाला ऐकू आली. तक्रार एकाचीच होती. तुम्ही सगळी खेप परत मागवलीत, प्रत्येकाचे पत्रे आवळून पुन्हा वार्निश दिलंत, आणि त्या वर्षी स्वतः पगार घेतला नाहीत. आमचा एकाचाही चुकला नाही.

आता तुम्ही नव्वदी ओलांडली आहे आणि कान जवळजवळ गेले आहेत. रेडिओ बंद होणार या कल्पनेने मीच धास्तावले होते. तुम्ही मात्र स्पीकरची जाळी काढलीत, सूर अगदी खाली उतरवलात, कारण जाड कंप बोटांना लवकर कळतो, आणि दोन बोटं कागदी शंकूवर अलगद टेकवलीत. परवा मी माझ्या घरून पाठवत होते, तुमचा नातू तुमच्या शेजारी बसला होता. त्याने पाठवलेला कागदाचा फोटो माझ्यापुढे आहे. माझं सगळं वाक्य त्यावर आहे, मध्ये दोन अक्षरांच्या जागा रिकाम्या. खाली रिपोर्ट: ४९९.

एक आकडा कमी का, म्हणून मी विचारायला लावलं. नातवाने तुमचं उत्तर कळवलं: “दोन अक्षरं बोटांना कळली नाहीत.”

ती अक्षरं रविवारी पुन्हा पाठवते. सकाळी सात वाजता, नेहमीच्याच फ्रिक्वेन्सीवर.

७३ (आमच्या भाषेत शुभेच्छा),
तुमची विद्यार्थिनी